एम-थ्री: उत्तरं जुळवायला या (त्या लंबवर्तुळाचं शून्य की २ पाय?)

सिंहगडरोडवाला | शुक्रवार, सायं. ६:५०

मंडळी, आज दुपारी एम-थ्री, म्हणजे इंजिनियरिंगच्या तिसऱ्या गणिताचा पेपर, उरकला. सेकंड इयर, ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन). कॉलेज स्वायत्त आहे. नाव लिहीत नाही, कारण आमच्याच डिपार्टमेंटचं कुणीतरी इथे मूकवाचक असल्याची दाट शंका आहे. पेपर ६० मार्कांचा, वेळ अडीच तास. सगळा भर व्हेक्टर आणि कॉम्प्लेक्सवर, न्यूमेरिकल मेथड्स चवीपुरत्या.

गेटसमोरच्या टपरीवर चहा गार होईपर्यंत भांडलो तरी एकमत झालं नाही, म्हणून इथे आलोय. आई म्हणते झालेला पेपर उकरत बसू नकोस, पुढचा बघ. पुढचा मंगळवारी आहे आणि आत्ता दुसरं काही डोक्यात शिरणार नाही.

देवनागरीत गणित टंकायचं म्हणजे हाल आहेत, सांभाळून घ्या (पाय म्हणजे π, चालायचा नव्हे). आठवतं तसं लिहितो. डायरेक्शनल डेरिव्हेटिव्ह उणे ११/३. बायलिनियर (१ + आय झेड) भागिले (१ − आय झेड). तो थीटाचा इंटिग्रल, शून्य ते २ पाय, छेदात ५ + ४ कॉस थीटा, त्याचं शून्य. सिम्पसनच्या नियमाने साइनचा इंटिग्रल, शून्य ते पाय, ०.०८६. पॅराबोलॉइडमधून फ्लक्स (आरपार जाणारा प्रवाह) पाय. आणि शेवटचा आठ मार्कांचा ग्रीनच्या थिअरमवाला, लंबवर्तुळावरचा लाइन इंटिग्रल, शून्य.

ज्यांचं जुळतंय त्यांनी हात वर करा. ज्यांचं जुळत नाही त्यांनीही करा, पण जरा हळू आवाजात.

चिंगी_एसई | ७:०४

मीही आजच दिलाय. प्रश्न बघता तुझ्याच कॉलेजात. ए डिव्हिजन का?

डायरेक्शनल जुळलं. पुढे एकही नाही. बायलिनियर माझं (आय − झेड) भागिले (आय + झेड). थीटावाला २पाय/३. सिम्पसन २.०००९. फ्लक्स २ पाय. ग्रीनवाला पण २ पाय.

सिंहगडरोडवाला | ७:०६

सी डिव्हिजन.

ग्रीनचं २ पाय कसं काय? कर्ल (फील्ड किती गरगरतं त्याचं माप) शून्य आहे तिथे. दोनदा काढला. क्यूचं (डीवायचा गुणक) एक्सने पार्शियल आणि पीचं (डीएक्सचा गुणक) वायने पार्शियल, दोन्ही अगदी सारखी येतात. वजाबाकी शून्य, डबल इंटिग्रल शून्य, विषय संपला.

बॅकलॉगबहाद्दर | ७:११

माझंही शून्य. म्हणजे ते नक्की चुकलेलं असणार. एम-थ्रीतला माझा अनुभव दांडगा आहे.

मुळामुठा | ७:१५

बाकीचं राहू दे. साइनच्या अख्ख्या कमानीखालचं क्षेत्रफळ ०.०८६? शून्य ते पाय? शाळेत २ येत होतं, इंजिनियरिंगला आल्यावर आटलं का?

शून्यशेष | ७:२२

सिंहगडरोडवाला, कॅल्क्युलेटर काढ. स्क्रीनच्या वरच्या कडेला एक बारीक अक्षर दिसेल. डी आहे की आर?

सिंहगडरोडवाला | ७:२४

डी.

शून्यशेष | ७:२५

झालं तर. डिग्री मोडवर पाय/६ ची साइन घेतलीस. कॅल्क्युलेटरने तिला अर्धा अंश समजून ०.००९ दिली. ती ०.५ यायला हवी होती. बाकीची ऑर्डिनेट्सही त्याच वाटेने गेली. रेडियनवर टाकून बघ: ०, ०.५, ०.८६६, १, ०.८६६, ०.५, ०. विषम स्थानांची (पहिलं स्थान शून्य धरून) बेरीज २, गुणिले ४ म्हणजे ८. उरलेली दोन १.७३२, दुप्पट ३.४६४. एकूण ११.४६४ गुणिले पाय/१८. येतं २.०००९. चिंगीचं बरोबर.

आणि बायलिनियरवरून भांडू नका. सिंहगडरोडवाल्याच्या उत्तराला वरखाली आयने गुणा, चिंगीचं उत्तर मिळतं. दोघांनाही पूर्ण मार्क. खात्री करायची तर झेड = १ टाका, दोन्हींत आय येतो. झेड = आय टाकलं की दोन्ही शून्य.

चिंगी_एसई | ७:२८

अरे हो की! आणि मी बाहेर येऊन मैत्रिणीला सांगितलं की तुझं चुकलंय. तिला फोन करते.

बॅकलॉगबहाद्दर | ७:३०

त्या डीचा मला वेगळाच राग आहे. पेपरच्या आधी मित्राने कॅल्क्युलेटर मागून घेतला, फिजिक्सचं काहीतरी करून परत दिला, मोड बदललेला. मैत्री टिकली, पेपर नाही टिकला.

कर्वेरोडकाकू | ७:४१

माझा मुलगा यंदा सेकंड इयरला आहे. कॉलेज कुठलं ते तोही सांगत नाही, तुम्हीही सांगत नाही. घरी आल्यापासून खोलीचं दार लावून बसलाय. जेवायला हाक मारली तर म्हणाला, "आई, कर्ल शून्य होता." मला काही कळलं नाही. पास व्हायला किती लागतात हो?

चिंगी_एसई | ७:४४

काकू, आमच्याकडे चाळीस टक्के. ६० पैकी २४. तो नक्की होईल पास. त्याला आधी जेवायला घाला.

गणेशखिंड | ८:०२

नमस्कार. मी गणित शिकवतो, तुमच्या कॉलेजात नाही, त्यामुळे निर्धास्त राहा. ग्रीनच्या प्रश्नाकडे नंतर येतो, तो सावकाश बघण्यासारखा आहे. आधी थीटाच्या इंटिग्रलचं शून्य निकालात काढू.

कागदपेन हातात घेण्याआधी एक करा. छेदात ५ + ४ कॉस थीटा आहे. कॉस उणे एक ते एक एवढाच फिरतो, म्हणजे छेद १ आणि ९ च्या मध्ये अडकलेला. इंटिग्रँड कायम धन. २ पाय लांबीच्या पट्ट्यावर कायम धन असलेल्या गोष्टीची बेरीज शून्य कशी होईल? उत्तर २पाय/९ आणि २पाय यांच्या मध्येच कुठेतरी असलं पाहिजे. हे बघायला दहा सेकंद लागतात, आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ओरडून सांगितलं तरी कुणी करत नाही.

शून्य कुठून आलं तेही सांगतो. झेड = ई चा आय थीटा घेतलंत की छेदात (२झेड + १)(झेड + २) येतं. पोल, म्हणजे छेद शून्य होतो ते बिंदू, दोन: उणे अर्धा आणि उणे दोन. रेसिड्यू (प्रत्येक पोलचा इंटिग्रलमधला वाटा) १/३ आणि उणे १/३. दोन्ही मिळवलेत, शून्य आलं. पण कंटूर, म्हणजे इंटिग्रलची वाट, एककाचं वर्तुळ आहे, उणे दोन त्याच्या बाहेर. तो धरायचाच नाही. उरतो १/३, म्हणून २पाय/३. चिंगीताईंचं बरोबर.

सिंहगडरोडवाला | ८:०९

सर, मी पोल काढले, दोन्हींना आनंदाने रेसिड्यू लावले आणि पुढच्या प्रश्नाकडे गेलो. आत-बाहेर बघितलंच नाही. वेळ कमी होता.

मुळामुठा | ८:१०

वेळ कमी होता म्हणून उणे दोनला वर्तुळात घेतलं. चौथ्या सीटसारखं.

संपादक | ८:१३

धागा "शिक्षण" विभागात हलवला आहे. रिक्षा आणि सीट यांच्यासाठी वेगळा धागा आहे.

चिंगी_एसई | ८:२०

आता फ्लक्स. प्रश्न असा होता: एफ = एक्स आय + वाय जे + के. सरफेस झेड = १ − एक्स वर्ग − वाय वर्ग, एक्सवाय प्रतलाच्या वरचा भाग. नॉर्मल बाहेरच्या दिशेने. मी सरळ सरफेस इंटिग्रल केला. नॉर्मल (२एक्स, २वाय, १), डॉट केल्यावर २ आर वर्ग + १. एककाच्या चकतीवर पोलरमध्ये काढलं, पहिल्या तुकड्याचा पाय, दुसऱ्याचा पाय. एकूण २ पाय.

सिंहगडरोडवाला | ८:२४

मी गॉसचा डायव्हर्जन्स थिअरम लावला. डायव्हर्जन्स २, आकारमान पाय/२, गुणाकार पाय. एका ओळीत. एवढं सुंदर उत्तर चूक कसं असेल?

शून्यशेष | ८:२९

गॉसला बंद पिशवी लागते. तुझ्या पॅराबोलॉइडला तळ नाही. तू तळाची चकती धरून पाय काढलास, आता चकतीतून गेलेलं वजा कर. तिथे बाहेरचा नॉर्मल उणे के, एफ डॉट नॉर्मल उणे १, चकतीचं क्षेत्रफळ पाय, म्हणजे फ्लक्स उणे पाय. पाय वजा उणे पाय, २ पाय. दोन्ही वाटा एकाच गावाला जातात.

बॅकलॉगबहाद्दर | ८:३३

हरकत आहे. तळ नाही असं पेपरात कुठे लिहिलं होतं?

चिंगी_एसई | ८:३५

"वरचा भाग" लिहिलं होतं.

बॅकलॉगबहाद्दर | ८:३८

वरच्या भागाला तळ नसतो का? टोपलीला असतो.

गणेशखिंड | ८:५१

बहाद्दर, तुमच्या हरकतीत थोडा दम आहे. बंद सरफेस हवा असेल तर पेपर काढणारा सहसा "पॅराबोलॉइड आणि झेड = ० यांनी बंदिस्त केलेला" असं लिहितो. नुसतं पॅराबोलॉइडचं समीकरण आणि "प्रतलाच्या वर" दिलं की ती फक्त टोपी. त्यामुळे २ पाय. पण मी तपासत असतो आणि कुणी "तळासह बंद सरफेस गृहीत धरून" असं स्पष्ट लिहून पाय काढला असता, तर मी बहुतेक मार्क दिले असते. गृहीतक न लिहिता गॉस ठोकला असेल तर अर्ध्याच्या वर जाणार नाही. सगळे परीक्षक असंच करतील असं मात्र नाही.

सिंहगडरोडवाला | ८:५४

गृहीतक लिहायला मला ते गृहीत धरलंय हे माहीत असायला हवं होतं, सर.

आता ग्रीन. आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हाताने लिहिलेली आन्सर की फिरतेय. टॉपरची आहे म्हणतात, अक्षरावरून खरं वाटतं. तिच्यात शून्य आहे. त्यामुळे मी अजून माघार घेतलेली नाही.

मुळामुठा | ८:५६

टॉपरचं शून्य वेगळं असतं का?

गणेशखिंड | ९:२०

प्रश्न पुन्हा मांडतो, म्हणजे सगळ्यांना कळेल. (एक्स डीवाय − वाय डीएक्स) भागिले (एक्स वर्ग + वाय वर्ग), याचा लाइन इंटिग्रल. वक्र ४ एक्स वर्ग + ९ वाय वर्ग = ३६ हे लंबवर्तुळ, घड्याळाच्या उलट दिशेने. बरोबर?

तुम्ही काढलेली पार्शियल्स बरोबर आहेत. ती सगळीकडे सारखी आहेत. सगळीकडे म्हणजे जिथे फंक्शन आहे तिथे. ओरिजिनला, म्हणजे (०, ०) ला, छेद शून्य, तिथे पी नाही, क्यू नाही, पार्शियल कशाचं काढणार? ग्रीनचा थिअरम वक्राच्या आतल्या प्रत्येक बिंदूवर पी आणि क्यू नीट वागले पाहिजेत असं मागतो. तुमच्या लंबवर्तुळाच्या बरोब्बर मधोमध एक भोक आहे.

भोक आहे तर ते कापून टाका. ओरिजिनभोवती एक छोटं वर्तुळ काढा, लंबवर्तुळाच्या आत राहील असं. दोघांच्या मधल्या कड्यात भोक नाही, तिथे ग्रीन बिनधास्त लावा, शून्य येईल. म्हणजे लंबवर्तुळावरचा इंटिग्रल आणि छोट्या वर्तुळावरचा इंटिग्रल समान. वर्तुळावर एक्स = आर कॉस थीटा, वाय = आर साइन थीटा टाका. आर उडून जातो, कॉस वर्ग अधिक साइन वर्ग एक होतो, उरतो नुसता डीथीटा. शून्य ते २ पाय.

हा इंटिग्रल खरं तर ओरिजिनवरून बघताना कोन किती फिरला तेवढंच मोजतो. सारसबागेतल्या गणपतीला प्रदक्षिणा घाला आणि नजर गाभाऱ्यावर ठेवा. वाट गोल असो, चौकोनी असो, मध्ये चपलांसाठी वळसा घ्यावा लागो, परत जागेवर येईपर्यंत तुम्ही एक पूर्ण फेरा फिरलेले असता. तेच बाहेर भेळेच्या गाडीभोवती चक्कर मारा आणि नजर गणपतीकडेच ठेवा. मान थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, शेवटी होती तिथे. हिशोब शून्य. तुमच्या पेपरात गणपती आत होता.

बॅकलॉगबहाद्दर | ९:२७

सर, हे तुम्ही मला आधी का नाही भेटलात?

चिंगी_एसई | ९:३१

मी एवढा विचार नव्हता केला. पॅरामीटर टाकून सरळ ओढत नेलं, एक्स = ३ कॉस टी, वाय = २ साइन टी. वर ६ आलं, खाली ९ कॉस वर्ग + ४ साइन वर्ग. तो इंटिग्रल करताना घाम फुटला, पण २ पाय आले. सुपरवायझर "पुरवण्या बांधून घ्या" म्हणून ओरडत होत्या आणि मी एका हाताने दोरा ओवत दुसऱ्या हाताने शेवटची ओळ लिहीत होते. पुरवणी उलटी बांधली गेलीय बहुतेक.

शून्यशेष | ९:३४

उलटी असली तरी तपासतात. मार्क जात नाहीत, फक्त शिव्या खायच्या.

सिंहगडरोडवाला | ९:४०

ठीक आहे, २ पाय. टॉपरला कोण सांगणार?

पण सर, मला खरंच विचारायचंय. कर्ल शून्य म्हणजे फील्ड कॉन्झर्व्हेटिव्ह, आणि कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे बंद वक्रावर शून्य. हे आम्हाला घोकून घोकून सांगितलंय. गाईडमध्ये चौकटीत छापलंय. मग ते खोटं आहे का?

गणेशखिंड | ९:५८

खोटं नाही, अर्धवट आहे. चौकटीत जी अट बसली नाही ती गाळली गेली. कर्ल शून्य असणं आणि प्रदेशात भोक नसणं, दोन्ही असेल तर कॉन्झर्व्हेटिव्ह. तुमच्या फील्डला पोटेन्शियल काढायला गेलात तर टॅन इन्व्हर्स वाय/एक्स मिळतो, म्हणजे कोनच. आणि कोन एका फेऱ्यानंतर २ पायने वाढून येतो, त्यामुळे पूर्ण प्रदेशावर एकच एक पोटेन्शियल बसत नाही. ही उगाच काढलेली खुसपट नाही. सरळ लांब तारेतून वीज गेली की तारेबाहेर चुंबकीय क्षेत्र नेमकं असंच असतं. बाहेर सगळीकडे कर्ल शून्य, तरी तारेभोवती फेरी मारली की शून्य येत नाही, तारेतल्या करंटच्या प्रमाणात येतं. ॲम्पिअरचा नियम तुम्ही ई अँड टीसीवाले पुढच्याच वर्षी रोज वापराल.

मार्कांचं विचाराल तर, विधान आणि दोन्ही पार्शियल्स बरोबर असतील तर आठापैकी दोन-तीन मी देईन. त्यापुढे हात चालत नाही.

स्लाइडरूल | १०:१२

धागा वाचून मजा आली. मी भोसरीतून निवृत्त झालेला मेकॅनिकलवाला. आमच्या परीक्षेला कॅल्क्युलेटर नव्हता, लॉग टेबल आणि स्लाइड रूल. त्यामुळे डी आणि आरचा घोळही नव्हता. चुका सगळ्या स्वतःच्या असत.

तुम्ही ज्या थिअरमांवरून भांडताय त्यांच्या जन्मकथा परीक्षेशी फार जवळच्या आहेत. स्टोक्सचा थिअरम घ्या. १८५० मध्ये विल्यम थॉमसनने, म्हणजे नंतरच्या लॉर्ड केल्विनने, तो स्टोक्सला पत्रातून कळवला. स्टोक्सने १८५४ साली केंब्रिजच्या स्मिथ प्राइझच्या पेपरात तो सिद्ध करा म्हणून घालून दिला. पुढे नाव पेपर काढणाऱ्याचं लागलं. आणि त्या परीक्षेला बसलेल्या मुलांत एक होता जेम्स क्लार्क मॅक्सवेल. त्याच वर्षी ट्रायपॉसला, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेला, तो दुसरा आला होता, पहिला राउथ. स्मिथ प्राइझ दोघांत विभागून मिळालं.

ग्रीन तर नॉटिंगहॅमचा गिरणीवाला. १८२८ साली वर्गणीदार गोळा करून त्याने आपला निबंध छापला. कॉलेजचं तोंड बघितलं ते चाळिशीत, आणि मग केंब्रिजला चौथा रँग्लर (त्या परीक्षेत पहिल्या वर्गातला चौथा) झाला. आपल्या पुण्याचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे त्याच ट्रायपॉसला १८९९ साली सीनियर रँग्लर, म्हणजे पहिले, झाले, असे पहिले भारतीय. परत येऊन फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. फर्ग्युसन रस्त्यावर डोसा खाताना कधीतरी त्यांची आठवण काढत जा.

चिंगी_एसई | १०:१८

काका, स्टोक्सचा थिअरम पेपरात पहिल्यांदा दिसला आणि सिद्ध करायला सांगितला? आमच्याकडे असं केलं असतं तर "आउट ऑफ सिलॅबस" म्हणून डीनच्या केबिनबाहेर रांग लागली असती.

मुळामुठा | १०:२०

आणि मॅक्सवेलने रांगेत पुढचा नंबर लावला असता.

स्लाइडरूल | १०:२६

त्याने पुढे त्याच गणितावर विद्युतचुंबकत्वाचा अख्खा ग्रंथ उभा केला. रांगेत गेला असता तर तुम्हाला ई अँड टीसी ब्रँच मिळाली नसती.

कर्वेरोडकाकू | १०:३३

मुलगा बाहेर आला. जेवला. हा धागा त्याला वाचायला दिला. सारसबागेपर्यंत वाचून म्हणाला, "हां, बरोबर आहे," आणि पुन्हा आत गेला. आता दार उघडं आहे. धन्यवाद सर.

सिंहगडरोडवाला | १०:३५

काकू, त्याचं फ्लक्सचं काय आलं, विचाराल का?

कर्वेरोडकाकू | १०:४१

विचारलं. "पाय" म्हणाला. आणि हे कोण विचारतंय म्हणून माझ्याकडे संशयाने बघितलं.

बॅकलॉगबहाद्दर | १०:४४

तळवाले वाढतायत. काकू, त्याला आमच्या पक्षात घ्या, सोमवारी एचओडींकडे निवेदन देऊ.

शून्यशेष | १०:५२

निवेदनाआधी बेरीज करा. सिंहगडरोडवाल्याचं डायरेक्शनल आणि बायलिनियर पूर्ण. सिम्पसनला सूत्र आणि तक्ता बरोबर, आकडे चूक, थोडेफार मिळतील. थीटाला सब्स्टिट्यूशन आणि पोल यांचे. फ्लक्सचे अर्धे धर, ग्रीनचे दोन. तू इथे न सांगितलेल्या प्रश्नांचं मला माहीत नाही. सिरीज, कॉशी-रीमन वगैरे कसं गेलंय?

सिंहगडरोडवाला | १०:५७

लॉरेंट सिरीज दोन्ही रिंगांत लिहिली. कॉशी-रीमनवरून व्ही काढला, कॉन्स्टंटसकट. स्टोक्स व्हेरिफाय केला, दोन्ही बाजूंना सारखं आलं. त्यामुळे तिथे तरी कुणाला विचारायची गरज नाही.

शून्यशेष | ११:०१

मग २४ च्या बराच वर आहेस. झोप.

सिंहगडरोडवाला | ११:०९

झोपतो. एकच विचारतो. तेच लंबवर्तुळ उचलून केंद्र (५, ०) ला ठेवलं तर? एक्सच्या दिशेने अर्धा अक्ष ३, म्हणजे वक्र २ पासून ८ पर्यंत. ओरिजिन बाहेर. भेळेची गाडी. उत्तर शून्य आणि इथे ग्रीन सरळ लावता येतो. बरोबर ना, सर?

गणेशखिंड | ११:१५

अगदी बरोबर. आता तुम्हीच मला सांगा, केंद्र (३, ०) ला असेल तर?

सिंहगडरोडवाला | ११:२६

वक्र शून्यापासून सहापर्यंत. म्हणजे तो ओरिजिनमधूनच जातो. तिथे फंक्शनच नाही. आतही नाही, बाहेरही नाही. सर, हे पेपरात येतं का?

चिंगी_एसई | ११:३१

ओरिजिनपासून थोडं वर सोडायचं, थोडं खाली सोडायचं आणि उरलेल्या वक्रावर कोन मोजायचा. तिथली स्पर्शिका उभी आहे, म्हणजे नजर साधारण सरळ खालपासून सरळ वरपर्यंत फिरते. उणे पाय/२ ते पाय/२. पाय येतं.

गणेशखिंड | ११:३६

बरोबर. त्याला कॉशीचं मुख्य मूल्य म्हणतात. तुमच्या अभ्यासक्रमात असेल तर वास्तव अक्षावर पोल आला की भेटेल.

बॅकलॉगबहाद्दर | ११:३८

म्हणजे शून्य, पाय आणि २ पाय, तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त लंबवर्तुळ कुठे ठेवलंय ते बघायचं. निवेदनात हा मुद्दा पहिला घालतो.

चिंगी_एसई | ११:४०

पेपरात केंद्र (०, ०) ला होतं रे.